गव्हर्नरच्या स्क्रूला हात लावू नका: ताशी २४७ किलोमीटरच्या ट्रॅक्टरचं खरं काय

धावपट्टीवर सुसाट पळणाऱ्या ट्रॅक्टरचा व्हिडिओ आणि त्याखाली चार वाक्यं, असा एक मेसेज सध्या फिरतोय. ट्रॅक्टर ताशी २४७ किलोमीटर पळू शकतो हे कंपनीनेच दाखवून दिलंय. आपल्याला मात्र मुद्दाम ३०-३५ वर बांधून ठेवलंय. डिझेल पंपाचा सील तोडून गव्हर्नरचा स्क्रू फिरवला की वेग मोकळा होतो. आणि वेग दुप्पट झाला की नांगरणी निम्म्या वेळात होते. माझ्या पुतण्याने हा मेसेज मला पाठवला आणि खाली विचारलं, "काका, करून बघू का?" नुसता व्हिडिओ असता तर मी सोडून दिलं असतं. या प्रश्नामुळे लिहायला बसलोय.

स्क्रूपासूनच सुरुवात करतो. बाकीच्या थापांनी फार तर गैरसमज होईल, या थापेने माणूस जाईल.

पंपावर गव्हर्नर असलेल्या डिझेल इंजिनाचा वेग आत किती डिझेल जातं यावर ठरतो. ओझं अचानक उतरलं आणि डिझेल तेवढंच जात राहिलं तर इंजिन बेफाम फिरत सुटेल. गव्हर्नर त्या क्षणी डिझेल तोडतो. कमाल आरपीएमचा, म्हणजे मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा, स्क्रू कारखान्यात लावून सील केलेला असतो, कारण त्या आकड्यापुढे वाल्व वेळेवर बसत नाहीत आणि कनेक्टिंग रॉडवरचा ताण आरपीएमच्या वर्गाच्या पटीत वाढतो. पीटीओ, म्हणजे अवजार फिरवणारा मागचा दांडा, तोसुद्धा त्याच इंजिनावर चालतो. ५४० फेऱ्यांसाठी बनवलेलं अवजार मग ६४० च्या घरात फिरायला लागतं, आणि त्याच्या शेजारी माणूस उभा असतो.

एवढं करून हाती काय लागतं? समजा इंजिन २,२०० आरपीएमचं आहे आणि त्या वेगाला ट्रॅक्टर टॉप गियरमध्ये ताशी ३० किलोमीटर जातो. ओढूनताणून २,६०० आरपीएम केले तरी वेग होतो साधारण ३५.५. कारण रस्त्यावरचा वेग मुख्यतः गियरच्या दातांनी ठरतो, स्क्रूने थोडाच वाढतो. पाच किलोमीटरच्या अंतराला दहा मिनिटांऐवजी साडेआठ मिनिटं लागतील. तेवढ्या दीड मिनिटासाठी ब्रेक दाबल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर ४० टक्क्यांनी वाढवून घ्यायचं, आणि तेही कुठल्या ब्रेकच्या भरवशावर? टू-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरला ब्रेक बहुधा फक्त मागच्या चाकांना असतात, डाव्या-उजव्याचं पेडल वेगळं, म्हणजे शेतात जागच्या जागी वळता यावं. रस्त्यावर येताना दोन्ही पेडल एकत्र लॉक करायची असतात. ती केली नाहीत आणि वेगात असताना पाय एकाच पेडलवर पडला, तर ट्रॅक्टर त्या बाजूला फेकला जातो. मागे बिनब्रेकची भरलेली ट्रॉली असेल तर ती पुढच्या ट्रॅक्टरला ढकलत आडवा करते. स्प्रिंग म्हणाल तर बहुतेक ट्रॅक्टरला टायरमधल्या हवेशिवाय दुसरी स्प्रिंग नसते. ठराविक वेगानंतर तो उसळायला लागतो आणि पुढची चाकं हलकी पडली की स्टेअरिंग ऐकत नाही.

याच मेसेजच्या एका आवृत्तीत उतारावर न्यूट्रल करून सोडा असंही जोडलेलं दिसलं. त्यात इंजिनाचा ब्रेकही जातो. हे लिहिणाऱ्याने भरलेली ट्रॉली घेऊन कधी उतार उतरला नसावा.

ज्यांना वाटतं की ट्रॅक्टर "बांधून" ठेवलाय, त्यांनी आधी आपल्या मोठ्या टायरची बाजू पुसून पाहावी. आकड्यांच्या शेवटी ए६, ए८, बी, डी अशी खूण असते. ए६ म्हणजे ताशी ३० किलोमीटर, ए८ म्हणजे ४०, बी म्हणजे ५०, डी म्हणजे ६५. शेतीच्या टायरच्या जाड गट्ट्या डांबरावर वाकत-सरळ होत तापतात, आणि ओझ्यासकट किती वेगापर्यंत ती उष्णता सोसेल तेच त्या अक्षरात लिहिलेलं असतं.

आता तो २४७ चा ट्रॅक्टर. व्हिडिओ खरा आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये इंग्लंडमधल्या एल्व्हिंग्टन विमानतळावर गाय मार्टिन या मोटरसायकल रेसरने जेसीबी कंपनीचा फास्ट्रॅक टू हा ट्रॅक्टर चालवला. २४७ हा त्याने गाठलेला सर्वोच्च वेग. विक्रम नोंदला गेला तो ताशी २१७.५७ किलोमीटरचा, कारण दोन्ही दिशांनी धावून सरासरी काढावी लागते. आणि गिनेसमध्ये तो ज्या गटात आहे त्या गटाच्या नावातच "फेरफार केलेला" असं आहे. बाजारातल्या मोठ्या फास्ट्रॅकचं इंजिन साडेतीनशे एचपीच्या आसपास आणि वेग ताशी ७० च्या घरात. विक्रमाच्या ट्रॅक्टरमध्ये ते इंजिन नव्हतंच. ७.२ लिटरचं दुसरं इंजिन बसवून हजार एचपीच्या वर नेलं होतं, गियरबॉक्स बदलला होता, वजन घटवलं होतं आणि हवेचा अडथळा कमी करायला फॉर्म्युला वनच्या विल्यम्सशी संबंधित इंजिनिअरिंग कंपनी मदतीला होती. त्याने नांगर ओढायचा नव्हता. आपल्या ट्रॅक्टरशी त्याचं नातं दिसण्यापुरतं.

नांगरणीचा मुद्दा एका सूत्रात निकाली निघतो. अमेरिकेतल्या कृषी अभियंत्यांच्या संस्थेचं, एएसएबीईचं, डी४९७ नावाचं मानक आहे. अवजाराला किती ओढ लागते ते त्यावरून काढतात. पलटी नांगरासाठी त्यात ओढ वेगाच्या वर्गाबरोबर वाढते: ६५२ अधिक ५.१ गुणिले वेगाचा वर्ग, मग त्याला मातीचा प्रकार, रुंदी आणि खोली यांनी गुणायचं. ताशी ६ किलोमीटरला ही बेरीज येते ८३६, ताशी १२ ला १,३८६. म्हणजे वेग दुप्पट केला तर ओढ १.६६ पट आणि लागणारी ताकद ३.३ पट. ५० एचपीचं काम १६५ एचपीवर जातं. तेवढी ताकद आणली तरी माती पाहिजे तशी पलटायच्या ऐवजी लांब फेकली जाते. मातीच्या प्रकारानुसार आकडे बरेच मागेपुढे होतात हे त्या मानकातही मान्य केलंय, पण वर्गाची वाढ काही टळत नाही.

मग कंपन्या विक्रमांच्या मागे का लागतात? कोणी म्हणेल, नुसती जाहिरात. जाहिरात तर आहेच. पण कशाची, ते बघा. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ट्रॅक्टरला लोखंडी, दातेरी चाकं असायची आणि हवेचे रबरी टायर शेतात घसरतील असं शेतकऱ्यांना वाटायचं. अ‍ॅलिस-चाल्मर्स या अमेरिकन कंपनीने मॉडेल यू ट्रॅक्टरला फायरस्टोनचे हवेचे टायर लावले, नामांकित रेसर्सना त्यावर बसवलं आणि जत्रांमधून शर्यती लावल्या. १९३३ मध्ये बार्नी ओल्डफील्डने त्यासाठी गियर बदललेला ट्रॅक्टर ताशी ६४.२८ मैलांनी, म्हणजे १०३ किलोमीटरने पळवला. विकायचा होता तो टायर. १९४० पर्यंत अमेरिकेतले बहुतेक नवे ट्रॅक्टर रबरावर आले, आणि तो बदल शेतकऱ्याच्या फायद्याचाच होता. जेसीबीने २००४ मध्ये स्वतःचं डिझेल इंजिन बनवायला सुरुवात केली आणि २००६ मध्ये तशी दोन इंजिनं बसवलेली डिझेलमॅक्स गाडी अँडी ग्रीनने अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठागरावर ताशी ५६३ किलोमीटरने नेली. तिथे विकायचं होतं इंजिन. २०१५ मध्ये रॅलीपटू युहा कांकुनेनने फिनलंडमध्ये बर्फाच्या रस्त्यावर व्हाल्ट्रा ट्रॅक्टर ताशी १३० ने चालवला, तिथे पुन्हा टायर, नोकियनचे.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. कंपन्या वेग बांधतात, हे अर्धं खरं आहे. युरोपात एकच ट्रॅक्टर कुठे ४०, कुठे ५० किलोमीटरला मर्यादित करून विकतात, आणि तो फरक कधीकधी फक्त सॉफ्टवेअरचा असतो. पण तिथे ५० चे ब्रेक आणि टायर आधी बसवलेले असतात, मर्यादा देशाच्या कायद्यामुळे येते. जेसीबीने १९९१ पासून विकलेला फास्ट्रॅक रस्त्यावर वेगाने जातो, कारण त्याला दोन्ही अ‍ॅक्सलना सस्पेन्शन आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक दिलेत. ताशी ६० च्या वर जाणाऱ्या ट्रॅक्टरला युरोपियन युनियनमध्ये एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं अडकू न देणारी यंत्रणा, सक्तीचं आहे. पुतण्याला मी हेच लिहून पाठवलं: यातलं काहीही तुझ्या ट्रॅक्टरला नाही, सील तोडू नकोस, आणि रस्त्यावर निघण्याआधी दोन्ही ब्रेक पेडल लॉक कर.