ओटच्या पाण्यातली पंधरा मिनिटं

अंगाला खाज सुटली की माणसाची सभ्यता संपते. ताप आलेल्याला सहानुभूती मिळते, कंबर धरलेल्याला उशी मिळते. खाजवणाऱ्यापासून मात्र लोक खुर्ची मागे सरकवतात आणि मग विचारतात, "काय झालंय?" डॉक्टर म्हणाले, त्वचा कोरडी पडलीय, कोमट पाण्यात ओटचं पीठ घालून बसा, आणि हो, खाजवू नका. हे शेवटचं वाक्य फक्त खाज न सुटलेला माणूसच बोलू शकतो.

ओट साधे हवेत. साखर, सुकामेवा, स्ट्रॉबेरीचा वास असलं काही त्यात असेल तर तो नाश्ता, औषध नव्हे. मिक्सरला लावून अगदी वस्त्रगाळ पूड करायची. पेलाभर पाण्यात चमचाभर टाकून ढवळायचं. पाणी दुधाळ झालं तर जमलं, तळाशी गाळ बसला तर पुन्हा मिक्सर. एका हाताने झाकण दाबून धरायचं, दुसऱ्याने पोटरी खाजवायची. त्या थरथरीने दाबणाऱ्या हाताला कोपरापर्यंत इतकं बरं वाटतं, की पूड झाली तरी मिक्सर बंद करवत नाही.

हा निव्वळ आजीबाईचा बटवा नाही बरं का. ओटमधलं बीटा-ग्लुकान, म्हणजे त्यातला चिकट तंतू, पाणी धरून ठेवतं आणि अंगावर पातळ थर चढवतं. शिवाय त्यात अव्हेनॅन्थ्रामाइड ही द्रव्यं असतात, ती दाह नि खाज कमी करतात. नावच असं आहे की ते उच्चारेपर्यंत खाजवायचं राहून जातं! अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2003 मध्ये या बारीक पुडीला त्वचारक्षक म्हणून रीतसर मान्यता दिली. म्हणजे मी टबात पिठात बसतो ते सरकारमान्य आहे, असं घरी सांगता येतं.

खरी परीक्षा पाण्याची. खाजऱ्या अंगावर कढत पाणी पडलं की स्वर्ग दोन बोटं उरतो, पण बाहेर पडताच त्वचा आणखी कोरडी आणि खाज दामदुप्पट. म्हणून कोमट. कोमट पाणी कोणालाच आवडत नाही. ते तापवल्यासारखंही वाटत नाही आणि गार म्हणून कुरकुरताही येत नाही.

वाटीभर पूड नळाच्या धारेखाली सोडून मी आत बसलो. दहा-पंधरा मिनिटं पुरतात. त्याहून जास्त डुंबलं तर त्वचा उलट सुकते. पण ही मिनिटं हात मांडीवर ठेवून काढायची असतात. पहिल्यांदा नाक खाजलं, ज्याचा या आजाराशी काडीचा संबंध नव्हता. मग कानामागे. मग फोन वाजला. बाहेरून बायको म्हणाली, "शिजलं का?"

आणि खरंच, हळूहळू अंग निवलं. दंडावरचे लालबुंद चट्टे होते तिथेच होते, पण आता त्यांचं माझ्याशी भांडण नव्हतं.

उठताना मात्र जपून. टबाचा तळ शेवाळल्यासारखा निसरडा होतो, नि नळाला लटकलेल्या माणसाला कसलंच सरकार मान्यता देत नाही. टॉवेलने खसाखसा पुसायचं नाही, नुसतं टिपायचं. अंग ओलसर असतानाच मलम चोपडायचं. माझं टिपणं चालू असतानाच बायकोने टबात डोकावून पाहिलं आणि घासणी माझ्या हातात दिली. वाळलं की ते पीठ टबाला घट्ट धरून बसतं म्हणे.