शून्य पुरे, आता ६१ घ्या

भारतीय गणिताचा विषय निघाला की गाडी शून्यावर येऊन थांबते. शून्य फॉरवर्ड करायला सोपं, आकडेमोड करावी लागत नाही! भास्कराचार्यांची खरी करामत बघायची तर कागद-पेन घेऊन ६१ सोडवावा.

प्रश्न असा: ६१ ला कोणत्या वर्गसंख्येने गुणून १ मिळवला की पुन्हा वर्गसंख्याच येते? १, २, ३ करत शोधायला बसलात तर २२ कोटींच्या पुढे जावं लागेल.

भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ या ग्रंथात (इ.स. ११५०) हा प्रश्न चक्रवाल पद्धतीने सुटतो, म्हणजे तीच पायरी चाकासारखी फिरवत. सुरुवात ८² − ६१×१² = ३ पासून. ८ ज्येष्ठ मूळ, १ कनिष्ठ, ३ हा क्षेप. तो १ वर आणायचा. आता अशी संख्या शोधा, जी ८ मध्ये मिळवली की ३ ने भाग जाईल आणि जिचा वर्ग ६१ च्या जवळ असेल. घोळ होतो तो इथेच. ६४ सगळ्यात जवळ म्हणून ८ घेतला, तर ८+८=१६ ला ३ ने भाग जात नाही आणि अपूर्णांक मागे लागतात. म्हणून ७. नवं कनिष्ठ (८+७)÷३ = ५, ज्येष्ठ (८×७+६१)÷३ = ३९, क्षेप (४९−६१)÷३ = −४. ताळा: १५२१ − १५२५ = −४. (कनिष्ठ १ होतं म्हणून ७ नुसताच मिळवला, एरवी त्याला आधी कनिष्ठाने गुणायचं.)

क्षेप ४ किंवा −४ आला की चाक थांबवा. पुढचं काम ब्रह्मगुप्तांच्या ‘भावने’चं, म्हणजे दोन जोड्यांतून तिसरी काढायच्या रीतीचं, इ.स. ६२८ चं: ज्येष्ठांचा गुणाकार अधिक ६१ पट कनिष्ठांचा गुणाकार हे नवं ज्येष्ठ, तिरक्या गुणाकारांची (एकीचं ज्येष्ठ गुणिले दुसरीचं कनिष्ठ) बेरीज हे नवं कनिष्ठ. ३९ आणि ५ ला २ ने भागलं की क्षेप −४ चा −१ होतो. या ३९/२, ५/२ ची स्वतःशी भावना केली की १५२३/२, १९५/२. अजून अपूर्णांकच, म्हणून पुन्हा मूळ जोडीशी: २९७१८, ३८०५, क्षेप −१. ही जोडी स्वतःशीच जोडा: ज्येष्ठ १७६६३१९०४९, कनिष्ठ २२६१५३९८० आणि क्षेप १.

हाच ६१ फ्रेंच गणिती फर्माने १६५७ मध्ये फ्रेनिकल या गणितीपुढे टाकला, तोही फार त्रास नको म्हणून लहान आकडा निवडल्याचं सांगत! इंग्लंडमधल्या ब्राउंकरने रीत काढली, पुढे गणिती ऑयलरने चुकून श्रेय पेल या इंग्रज गणितीला दिलं, आणि पाठ्यपुस्तकांत आजही ‘पेलचं समीकरण’च. पण म्हणून ‘आमचं चोरलं’ ही ओरड नको. ‘बीजगणिता’चं कोलब्रुककृत इंग्रजी भाषांतर १८१७ चं, म्हणजे फर्माच्या प्रश्नानंतर १६० वर्षांनी. शिवाय ६१ च्या जागी वर्गसंख्या सोडून कोणतीही संख्या घेतली तरी उत्तर असतंच, हे सिद्ध केलं युरोपातल्याच लाग्रांज या गणितीने.

६१ जड वाटला तर ९२ घ्या, १२० आणि ११५१ यायला हवेत. वर्षभरात सोडवेल तो गणिती, असं खुद्द ब्रह्मगुप्त म्हणतात. म्हणजे मुदत भरपूर आहे.