पिटुकल्याचा निकाल

बडोद्यात उंदीर विकत मिळतो आणि तो विकत घेणारी माणसं आपल्याच घरात निघाली, हे माझ्या सासूबाईंना अजून पचलेलं नाही. दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यात त्यांनी उभी हयात उंदीर पकडण्यात घालवली. रात्री पिंजऱ्याच्या आकड्याला भाकरीचा तुकडा खोचायचा आणि सकाळी पिंजरा कुणातरी पोराच्या हाती देऊन त्याला सूरसागरच्या पलीकडे पिटाळायचं. "आता तोच पिंजरा, तीच भाकरी, आणि वर पैसेही आपणच द्यायचे," असं त्या दूधवाल्यापासून व्याह्यांपर्यंत सगळ्यांना सांगतात.

उंदीर माझ्या लेकीचे. आधी बर्फी आली. मैत्रीण होस्टेलवर गेली, तिची ही पांढरीशुभ्र, लाल डोळ्यांची, स्वभावानं गरीब उंदरीण आमच्या गळ्यात पडली. मग कळलं की उंदीर एकटा ठेवला की झुरतो. म्हणजे सोबत हवी, आणि ती बाईमाणसाचीच हवी. दुकानदारानं भावंडांमधलं शेवटचं उरलेलं, सगळ्यात किडकिडीत पिल्लू लेकीच्या तळहातावर ठेवलं. "फीमेल ज छे बेन, गॅरंटी!"

घरी आणून लेकीनं ते उताणं केलं आणि गॅरंटी तिथंच संपली. मादी म्हणावं असं काही ठळक दिसेना, नर म्हणावं असंही काही दिसेना. तेव्हा वेगळा पिंजरा आला. नाव काय ठेवावं ते ठरेना, म्हणून तात्पुरतं "पिटुकलं".

यात घाबरण्यासारखं काय, असं मला वाटलं होतं. पण आमचे हे बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी कागद-पेन्सिल घेतली. उंदरीण २१ ते २३ दिवसांत विते. एका वेळी आठ-दहा पिल्लं सहज, कधी बारा. व्याल्यावर एका दिवसाच्या आत तिला पुन्हा दिवस जाऊ शकतात. पिल्लं पाच-सहा आठवड्यांत स्वतः संसाराला लागतात. ह्यांनी दिवाळीपर्यंतचा हिशेब मांडला, कागद उलटा करून पाठीमागेही मांडला, मग चष्मा काढून म्हणाले, "हा फ्लॅट त्यांच्या नावावर करून आपण भाड्यानं राहू."

त्या दिवसापासून तपासणी हा आमच्या घरचा नित्यक्रम झाला. लेक छातीखाली बोटं घालून पिटुकल्याला उभं धरायची, मी मोबाइलचा टॉर्च मारायची, हे भिंग लावायचे. पिटुकलं प्रत्येक वेळी लेकीच्या मनगटावर मुतायचं, तेवढा एक निष्कर्ष पक्का असायचा. लेकीनं फोटो काढून माझ्या सासरच्या ग्रुपवर टाकला. पुण्याच्या आत्येसासूबाईंनी तो नीट न बघताच "मुलगाच! अभिनंदन!" असं लिहिलं. इंदूरच्या दिरांनी "लक्ष्मी आली" म्हणून हात जोडले. कुणाचं अभिनंदन, कसली लक्ष्मी, हे दोघांनीही विचारलं नाही. जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं, तर कुत्री आणि म्हशी बघणारे ते गृहस्थ बराच वेळ टेबलाशी वाकले आणि म्हणाले, "हमणां बहु नानुं छे." ते नानुं, म्हणजे लहान, आहे हे आम्हाला घरीही दिसत होतं. फी मात्र मोठ्या जनावराची घेतली.

एव्हाना सासूबाईंनी पक्ष बदलला होता. डिसेंबरच्या गारठ्यात ते काडीएवढं पोर त्यांच्या शालीत शिरून झोपायला लागलं, आणि गणपतीचं वाहन म्हटल्यावर विटाळाचा प्रश्नही मिटला. आता त्यांच्या डोक्यात बोरन्हाण आलं. नातवंडं मोठी झाली, बिल्डिंगमध्ये या वर्षी दुसरं तान्हं नाही, म्हणून पिटुकल्याचं करायचं. हलव्याचे दागिने करणाऱ्या बाईंना आधी सांगावं लागतं. "मुलगा असेल तर मुकुट आणि बासरी, मुलगी असेल तर बिंदी आणि बांगड्या. ती विचारते आहे, काय सांगू?" मी म्हटलं, "आई, त्याच्या कानाएवढाही मुकुट होणार नाही." तर म्हणाल्या, "हलव्याचा एक दाणा पुरे. पण दाणा मुकुटाचा की बिंदीचा, ते ठरवा."

समोरच्या फ्लॅटमध्ये स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरीणबाई राहतात. त्यांच्या दवाखान्यात कायद्याप्रमाणे पाटी आहे: येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही. १९९४ च्या त्या कायद्यापायी त्यांनी आयुष्यभर सासवांना, नवऱ्यांना, एकदा तर एका नगरसेवकालाही हात जोडून परत पाठवलं. आमचं पिटुकलं हातात घेऊन त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, आणि हताशपणे म्हणाल्या, "जन्मात पहिल्यांदा सांगायला मोकळी आहे, तर सांगताच येत नाही हो!"

शेवटी तळमजल्यावरचे काका आठवले. काका विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात नोकरीला होते आणि पांढऱ्या उंदरांच्या खोलीची किल्ली निवृत्त होईपर्यंत त्यांच्याच कमरेला होती. विस्टार जातीच्या उंदरांबद्दल ते घराण्याबद्दल बोलावं तसे बोलतात. "अमेरिकेत फिलाडेल्फियाला १९०६ साली तयार केलेली जात आहे ती, वहिनी. तुमच्या वाड्यातला माळ्यावरचा काळा उंदीर, तो वेगळा. हे सगळे नॉर्वेजिकस." सासूबाईंना 'नॉर्वेजिकस' हे काहीतरी कोकणस्थासारखं वाटलं असावं, कारण त्यांनी लगेच चहा टाकायला सांगितला.

काकांनी पिटुकलं उचललं, आणि उचलण्यातच कळलं की इतके दिवस आम्ही नुसता खेळ करत होतो. शेपूट अलगद वर, दोन बोटांत कंबर, पिल्लू हूं की चूं करेना. "मागची दोन छिद्रं बघायची. मधलं अंतर नराचं मादीच्या जवळपास दुप्पट. पण एकटं पिल्लू बघून कळत नाही, दोन शेजारी धरावी लागतात. आमच्याकडे एका वेताची दहा-बारा रांगेत असायची, डोळे मिटून सांगायचो. याची भावंडं कुठायत?" भावंडं विकली गेली होती. बर्फीशेजारी धरून पाहिलं, पण पूर्ण वाढलेल्या बाईशी या मूठभर जिवाचं माप काय जुळणार! मग सड शोधायचे ठरले. मादीला बारा असतात, सहा जोड्या, नराला एकही नाही. जन्मल्यावर आठ-दहा दिवसांनी, केस नीट यायच्या आधी, ते स्पष्ट दिसतात. आता दाट केस आलेले, म्हणून पोटावर फुंकर घालून बघायचं. आम्ही आळीपाळीनं फुंकर घातली. ह्यांना एक ठिपका सापडला. घरात एकदम शांतता. काकांनी नख लावलं, तो लापशीचा कण निघाला.

"मग नरच!" ह्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"थांबा हो," काका म्हणाले. "सड दिसले नाहीत म्हणजे नाहीतच असं नाही. आणि नराची अंडं तीन ते पाच आठवड्यांत खाली उतरतात. याला झाले असतील आठ. पण हे कुपोषित, म्हणून उशीर झाला असेल. दुसरं म्हणजे उंदराची ती वाट जन्मभर उघडी राहते. थंडी वाजली, घाबरला, की सगळं पोटात ओढून घेतो. आणि तुम्ही काय करता? जानेवारीच्या गारठ्यात उताणं धरता, डोळ्यांवर टॉर्च मारता आणि सहा डोकी वाकवता. मी असतो तर मीसुद्धा लपवलं असतं."

सासूबाई पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेल्या. मला मात्र एक गोष्ट त्या दिवशी लक्षात आली: ज्यांना उंदरांतलं किंवा बायकांतलं खरोखर कळत होतं ते दोघंच "सांगता येत नाही" म्हणाले होते. बाकी दुकानदारापासून आत्येसासूबाईंपर्यंत कुणालाच कधी शंका नव्हती.

काकांचा उपाय साधा होता. ऊब द्या आणि हात लावू नका.

१४ जानेवारीला अख्खं बडोदं पतंग उडवायला धाब्यावर, म्हणजे गच्चीवर असतं. आम्हीही होतो. उंधियूचं पातेलं, जिलबी, तिळगूळ, फिरकी, लाउडस्पीकर, आणि टाकीच्या आडोशाला पिटुकल्याचा पिंजरा. घारींच्या भीतीनं वरून जाळी, आणि उंदराला फार ऊन सोसत नाही म्हणून अर्धा पिंजरा सावलीत. चारी दिशांची माणसं माना वर करून उभी होती, आमचं घर तेवढं खाली बघत होतं. दुपारी ऊन चढलं तसं पिटुकलं सैलावलं, जाळीला पाठ लावून तंगड्या फाकून ऐसपैस झोपलं. काकांनी बोट ओठांवर ठेवलं. वाकायची गरजच नव्हती. भिंग तर नाहीच. त्या किडकिडीत देहाला शोभणार नाही इतकं सगळं जिथल्या तिथं आणि उघड्यावर होतं.

त्याच क्षणी पलीकडच्या धाब्यावरून "काइपो छे!" अशी आरोळी उठली, थाळ्या बडवल्या, पिपाण्या वाजल्या. पिटुकला दचकून जागा झाला आणि सगळं पुन्हा आत. पण सहा साक्षीदार होते.

सासूबाईंनी दागिन्यांच्या बाईंना तिथूनच फोन लावला: मुकुट आणि बासरी. ह्यांनी हिशेबाचा कागद फाडून पतंगाला शेपटी लावली. दोन पिंजरे कायमचे वेगळे, पिटुकल्याला सोबत म्हणून आता एक खात्रीचा नर आणायचा, तो निवडायला काका स्वतः येणार, असं सगळं जिलबी खाता खाता ठरलं. लेक तेवढी गप्प होती.

"काय गं?"

"त्या दिवशी फार थंडी होती ना... ते बारीक आहे, गारठेल, म्हणून रात्रभर बर्फीजवळ ठेवलं होतं."

ह्यांनी फिरकी खाली ठेवली. काकांनी बोटांवर मोजलं, महिनाअखेर आली. इतक्या उशिरा वयात येणाऱ्याच्या हातून तसं काही घडणं कठीण, असं ते म्हणाले, पण उंदरांच्या बाबतीत 'नाही' असं लिहून द्यायला तयार होईनात. डॉक्टरीणबाईंनी हात धुतले. खाली आमच्या घरी येऊन बर्फीला मांडीवर घेतलं आणि दोन बोटांनी पोट चाचपलं. प्रथमच त्यांच्या चेहऱ्यावर दवाखान्यातला आत्मविश्वास दिसला.

"आता पेशंट माझ्या विषयातला आहे," त्या म्हणाल्या. "असलीच तर किती आहेत ते आठवड्याभरानं सांगीन. काय आहेत ते विचारायचं नाही."