तिथी न विचारता समुद्राला जाणाऱ्यांसाठी

आज सकाळी ठाण्याच्या भाचेसुनेने व्हॉट्सअ‍ॅपवर अंदमानच्या सहलीचा तक्ता पाठवला आणि खाली लिहिले, “मामी, तुम्ही जाऊन आला आहात आणि समुद्राकाठी राहता, यातले कुठले बीच ठेवू आणि कुठले काढू ते सांगा.” नाताळच्या सुट्टीतले पाच दिवस, त्यात अकरा किनारे आणि प्रत्येकासमोर मिनिटांचा हिशेब. दुसऱ्या दिवसाच्या रकान्यात छापले होते: काळापत्थर, सायंकाळी साडेसहा, सूर्यास्त. काळापत्थर हा अंदमानातल्या हॅवलॉक बेटाच्या पूर्वेकडचा किनारा आहे. तिथे सूर्य उगवतो. शिवाय अंदमान इतके पूर्वेला असूनही घड्याळ आपलेच लावते, त्यामुळे डिसेंबरात तिकडे पाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि साडेसहाला मिट्ट काळोख असतो. पैसे घेऊन सहली आखणाऱ्याने नकाशावर एकदाही नजर टाकू नये, याचा इतका संताप आला की निवडायला घेतलेली भाजी तशीच ठेवून लिहायला बसले.

हल्ली किनारा म्हणजे एक नाव आणि एक फोटो, एवढेच उरले आहे. तो कोणत्या दिशेला तोंड करून आहे, त्याला उतार किती आहे, तळाशी वाळू आहे की खडक, आणि आपण पोहोचू तेव्हा पाणी आत असेल की बाहेर, यातले काहीही कोणी विचारत नाही. गुहागरला आमच्याकडे उतरणारे पाहुणेसुद्धा “समुद्र किती लांब आहे?” एवढेच विचारतात.

सासूबाईंना, म्हणजे आमच्या आईंना, घेऊन आम्ही अंदमानला गेलो, तेव्हाची गोष्ट सांगते. नील बेटावर, म्हणजे २०१८ पासून ज्याला शहीद द्वीप म्हणतात तिथे, लक्ष्मणपूरच्या एका किनाऱ्यावर खडकाची नैसर्गिक कमान आहे. आमच्या सहलीच्या व्यवस्थापकाने गाडीतून उतरवले आणि “वीस मिनिटे” असे जाहीर केले. आईंनी पाण्यालगतच्या एका खडकाकडे पाहिले आणि म्हणाल्या, “पाणी अजून चढतं आहे. आत्ता तिथे काय बघायचं?” पाण्याच्या रेषेवरचा खडक कोरडा असेल तर भरती चालू आहे आणि ओला असेल तर ओहोटी लागली आहे, ही त्यांची साधी परीक्षा. व्यवस्थापकाने कार्यक्रमाचा कागद दाखवला: पुढे भरतपूरचा किनारा, मग सीतापूरचा, मग बोट. गाडीचा चालक तिथलाच होता, तोही म्हणाला की कमानीपर्यंत जायचे तर पाणी उतरल्यावरच यावे. पण कागद तो कागद.

आमच्या किनाऱ्यावर हा हिशेब बोटांवर होतो. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, अष्टमीला सहाच्या सुमारास, आणि तिथून सहा तासांनी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे पाणी पार वर चढते आणि तितकेच लांब मागे जाते. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे चढउतार थोडाच. अंदमानात भरतीची घटका वेगळी असते हे मान्य, तिथे आपली पाऊणपट चालत नाही; पण चंद्र तोच असल्यामुळे उधाण आणि भांग यांच्या तिथी तिथेही त्याच. खडकातली कमान पाहायची तर उधाणाच्या दिवसांतली ओहोटी गाठावी, एवढे कळायला शास्त्रज्ञ व्हावे लागत नाही.

तर आई झाडाखाली बसल्या. “तुम्ही जा. मी ओहोटी झाल्यावर बघते,” म्हणाल्या, आणि त्यांना एकटे सोडणे शक्यच नसल्यामुळे आम्हीही बसलो. बाकीची मंडळी कमानीचा लांबून फोटो काढून निघून गेली. पाणी उतरू लागले तसे आधी खडकांचे माथे दिसले, मग मधली डबकी, आणि मग त्या डबक्यांतून आम्ही जपून पावले टाकत कमानीखाली पोहोचलो. एका डबक्यात खडकात रुतलेला मोठा शिंपला होता, त्याच्या दोन कडांमधून निळसर, ठिपक्यांची, मखमलीसारखी झालर बाहेर आलेली. आई वाकल्या, त्यांची सावली त्यावर पडली आणि तो आकसला; त्या बाजूला सरल्या, तसा हळूहळू पुन्हा उघडला. जन्मभर तिसऱ्या, म्हणजे खायचे लहान शिंपले, निवडलेल्या बाईने त्या शिंपल्यापुढे कितीतरी वेळ घालवला. भरतपूर आणि सीतापूर आमचे हुकले, आणि त्याचे कोणालाही काडीचे वाईट वाटले नाही.

भरतपूरचा विषय निघालाच आहे तर तेही लिहिते. उथळ पाण्यात प्रवाळ असते आणि ओहोटीला लोक त्यावरच उभे राहून फोटो काढतात. प्रवाळ हा दगड नव्हे, जिवंत प्राण्यांची वसाहत आहे. २०१० साली समुद्राचे पाणी तापले तेव्हा अंदमानातले बरेच प्रवाळ पांढरे पडले होते. त्यातून जे सावरले त्यावर आपण बूट घालून उभे राहायचे काय? ज्यांना पाण्यात डुंबायचेच आहे त्यांनी वाळूच्या तळाचा किनारा निवडावा. हॅवलॉकचा राधानगर तसा आहे, पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सूर्यास्तही तिथलाच. त्याला २०२० मध्ये स्वच्छ, सुरक्षित किनाऱ्याचे ‘ब्लू फ्लॅग’ मानांकन मिळाले म्हणून नव्हे, तर संपूर्ण संध्याकाळ काढण्यासारखा आहे म्हणून तिथे जावे. आणि मगरीचा इशारा देणारा फलक दिसला तर तो शोभेचा नाही, हेही ध्यानात ठेवावे.

अर्थात, ज्यांना वर्षातून एकदाच चार दिवस रजा मिळते त्यांना सगळेच पाहावेसे वाटते, हे मला समजते. याद्या वाचून येणाऱ्या पाहुण्यांवरच आमच्या दोन खोल्या चालतात, हेही खरे आहे.

पण मग मला गणपतीपुळे आठवते आणि पुन्हा डोके फिरते. देवळासमोरचा समुद्र फोटोत किती गोजिरवाणा दिसतो! तिथे काठापासूनच तळ झपाट्याने खोल जातो, परतणाऱ्या पाण्याला विलक्षण ओढ असते, फलक लावलेले आहेत, जीवरक्षक शिट्ट्या मारून थकतात, आणि तरीही दर हंगामात बुडाल्याच्या बातम्या येतात. देवदर्शनाला जावे, वाळूत बसावे. पोहण्यासाठी तो किनारा निवडू नये. नीलवर आईंनी खडकाकडे पाहिले तसे आधी पाच मिनिटे पाण्याकडे पाहिले तरी पुष्कळ कळते. लाटा जिथे फुटत नाहीत आणि पाणी शांत वाटते, तिथूनच बरेचदा ओढीचा प्रवाह बाहेर जात असतो, आणि नेमके तिथेच लोक पोरांना घेऊन उतरतात, कारण तिथे “लाटा कमी आहेत”.

भाचेसुनेवर माझा राग नाही. ती बिचारी दोन लहान मुलांना घेऊन निघाली आहे आणि तिने निदान विचारले तरी. तिला मी कळवले आहे की संध्याकाळी राधानगर, दुसऱ्या दिवशी पहाटे काळापत्थर, आणि नीलवर मुक्काम करून कमान. त्या दिवसाच्या ओहोटीची वेळ तिथल्या माणसाला विचारून मगच जेवणाची वेळ ठरवावी. बाकीचे सगळे खुशाल काढून टाकावे. मुले कंटाळणार नाहीत, मुलांना एकच खेकडा तासभर पुरतो.

आणि कोकणात येणाऱ्यांसाठीही एवढेच. उन्हाळ्यात मुलांना घेऊन यायचे तर सकाळचा किनारा धरा, कारण दुपारनंतर खारा वारा सुटतो आणि लाटा वाढतात. पावसाळ्यात कुठला किनारा चांगला, असेही विचारणारे आहेत. कुठलाही नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते, जन्म समुद्रावर काढलेली माणसे होड्या वर ओढून झापांखाली ठेवतात, आणि शहरातून आलेल्या पाहुण्यांना मात्र गुडघाभर पाण्यात “जरासे” उभे राहायचे असते. त्या दिवसांत माझ्याकडे खोली मिळेल, गरम भात-पिठले मिळेल, व्याडेश्वराच्या देवळापर्यंत मी स्वतः सोबत येईन; पण सुरुबनातून पाण्याकडे जाणारी वाट मी कोणालाही दाखवणार नाही, मग कितीही वाईट शेरा लिहा.