लाल दिवा लावला म्हणजे डार्करूम होत नाही

‘बाथरूमची डार्करूम करा, पाच सोप्या युक्त्या’ हा कॅमेऱ्याच्या फिल्मचे रोल घरी धुण्याबद्दलचा मेसेज गेल्या महिन्याभरात मला तीन जणांनी पाठवला. वाचला, वैतागले आणि सोडून दिला. परवा भाचीचा फोन आला, ‘‘मावशी, अख्खा रोल काळा आलाय.’’ तिच्याकडे गेले तर छत्तीस फ्रेमची पट्टी दोरीवर लटकत होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत डांबरासारखी. शेजारी कट्ट्यावर ब्लीचची नवी बाटली, सील न तोडलेली. मेसेजबरहुकूम सगळं करत ती चौथ्या मुद्द्याच्या दारात उभी होती. ती बाटली पाहिली आणि गप्प बसवेना.

मेसेज म्हणतो: एक, कुठलाही लाल बल्ब लावा, त्यात रोलही धुता येतो आणि प्रिंटही काढता येतात. दोन, फिक्सर (चित्र पक्कं करणारं रसायन) घेऊच नका, मिठाचं पाणी तेच काम करतं. तीन, झरोका, पंखा, दाराखालची फट, सगळं टेपने बंद करा. चार, काम झालं की ट्रेमध्ये लगेच ब्लीच ओता, डाग निघतात. पाच, उरलेलं सगळं मोरीत सोडा, ते नुसते क्षार असतात.

चौथ्यापासून सुरुवात करते. बाकीच्या चुकांनी रोल जातो, या चुकीने जीव जाऊ शकतो.

डेव्हलपिंग थांबवणारा स्टॉप बाथ म्हणजे पातळ ॲसेटिक ॲसिड. बरेचसे फिक्सरही आम्लधर्मी असतात. घरातलं ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. या दोघांची गाठ पडली की क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली बेल्जियममधल्या ईप्रच्या लढाईत सैनिकांवर सोडला होता, तोच. रॅपिड फिक्सरमध्ये अमोनियम थायोसल्फेट असतं, त्यात ब्लीच पडलं तर क्लोरामाइन या विषारी वायूचीही भर. आता चित्र डोळ्यांसमोर आणा. क्लोरीन हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड, म्हणजे खालीच साचणार. बाथरूममध्ये ट्रे ठेवलेले असतात बहुतेक वेळा फरशीवर. घासणारा त्यावर ओणवा झालेला. आणि तिसऱ्या मुद्द्याप्रमाणे झरोका टेपने बंद केलेला! हे ज्याने लिहिलं त्याने हातात कधी ट्रे धरला असेल असं मला वाटत नाही.

बरं, डागांचं एवढं काय? ट्रेवर तपकिरी झाक येते ती डेव्हलपरची, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या रसायनाची. काम संपल्यासंपल्या साध्या पाण्याने आणि स्पंजने ट्रे धुतला तर ती फारशी धरतच नाही, आणि धरली तरी प्रिंटचं काही बिघडत नाही. तीन ट्रे, तीन चिमटे, प्रत्येकावर नाव लिहिलेलं. हायपोचा, म्हणजे फिक्सरचा, चिमटा चुकून डेव्हलपरमध्ये बुडाला तर डेव्हलपर खराब होतो, खरी काळजी तिथे घ्यायची. आणि कुणी हे ब्लीचचं आधीच केलं असेल, तिखट वास आला असेल, तर आवरत बसू नका. तसंच टाकून मोकळ्या हवेत जा. खोकला थांबत नसेल तर थेट दवाखाना.

झरोक्याचंही सांगते. उजेड आत येता कामा नये, हे बरोबर आहे. पण उजेड सरळ जातो आणि हवा वळणं घेते. झरोक्यापुढे काळ्या मॅट रंगाचे दोन पुठ्ठे एकाआड एक, मध्ये फट ठेवून लावले की हवा फिरते, उजेड अडतो. मग अंधारात वीसेक मिनिटं नुसतं बसा. डोळे सरावले की राहिलेल्या फटी आपोआप दिसतात.

मिठाचं अर्धसत्य आहे, तेवढं देऊन टाकते. छायाचित्रणाच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक असलेल्या टॅल्बटने सुरुवातीला मिठाच्या दाट द्रावणाने चित्रं टिकवायचा प्रयत्न केला होता. पण हायपोत चांदीचे क्षार विरघळतात हे शास्त्रज्ञ हर्शेलने १८१९ मध्येच दाखवलं होतं, आणि १८३९ पासून छायाचित्रकारांनी तेच धरलं. फिल्मचा कापलेला तुकडा हायपोत टाकून बघा: दुधट पट्टी डोळ्यांदेखत काचेसारखी होते. त्याला जितका वेळ लागला त्याच्या दुप्पट वेळ रोल ठेवायचा. मोरीचं म्हणाल तर वापरलेल्या हायपोत तीच विरघळलेली चांदी असते. तो कॅनमध्ये साठवा आणि चांदी काढून घेणाऱ्याकडे द्या.

आता भाचीचा रोल. आजच्या बहुतेक ब्लॅक अँड व्हाइट फिल्म पॅनक्रोमॅटिक असतात, म्हणजे त्यांना लाल उजेडही दिसतो. कॅमेऱ्यात जास्त एक्स्पोजर झालं असतं तर पट्टीचे काठ स्वच्छ राहिले असते. इथे काठांवरचे आकडेसुद्धा काळ्यात बुडालेले, म्हणजे उजेड लागला तो कॅमेऱ्याबाहेर. गंमत बघा, रोल धुवायला डार्करूम लागतच नाही. चेंजिंग बॅगमध्ये, म्हणजे उजेड न शिरणाऱ्या बाह्यांच्या पिशवीत, हात घालून रोल टँकमध्ये (उजेडबंद डब्यात) भरायचा, झाकण लावायचं, पुढचं सगळं भर उजेडात.

लाल दिव्याची बाजू एवढीच खरी की प्रिंटच्या कागदाला, म्हणजे साध्या ब्लॅक अँड व्हाइट कागदाला, तो चालतो. ‘कुठलाही’ मात्र नाही. रंग फासलेल्या बल्बमधून निळा-हिरवा उजेड झिरपू शकतो आणि डोळ्यांना तो कळत नाही. कोडॅकची के-४ नावाची पुस्तिका खास याच प्रश्नावर आहे आणि त्यातली मेख बहुतेक जण विसरतात: कोऱ्या कागदावर चाचणी घेऊन भागत नाही. एकदा एक्स्पोजर मिळालेला कागद जास्त हळवा असतो, कोरा कागद पास होतो आणि प्रिंट धुरकट येते. म्हणून आधी एन्लार्जरखाली, म्हणजे निगेटिव्ह मोठं करून कागदावर पाडणाऱ्या यंत्राखाली, कागदाला फिकट करडा येईल इतकाच उजेड द्यायचा, मग त्यावर नाणं ठेवून सेफलाइटखाली, म्हणजे त्या लाल दिव्याखाली, काही मिनिटं सोडायचा, आणि डेव्हलप करायचा. नाण्याचा गोल वेगळा उठून दिसला तर दिवा नापास.

तिच्या बल्बखाली आम्ही पाच मिनिटं ठेवला. डेव्हलपरमध्ये कागद हलवत होतो, कडेकडेने राखाडी चढत गेला आणि मधोमध नाण्याचा फिकट गोल स्पष्ट उमटला. भाचीने बल्ब तिथल्या तिथे काढला. ब्लीचची बाटली मी येताना घेऊन आले.