गावचा खाटीक, गावचा क्लब आणि बाकीच्या थापा

मँचेस्टर युनायटेड हरलं की दुसऱ्या दिवशी सकाळी तो मजकूर मला हमखास येतो. गेल्या काही वर्षांतला युनायटेडचा खेळ बघता तो आता मला पाठ झाला आहे. थोडक्यात असा: इंग्लिश फुटबॉल परदेशी मालकांनी मारलं. पूर्वी क्लब गावचा असायचा आणि मालकही गावचाच, कुणी खाटीक, कुणी लोखंडवाला. तो पैसे कमवायला नव्हे, प्रेमापोटी यायचा. मग अमेरिकन आले, अरब आले, रशियन आले, आणि कडी म्हणजे पुण्याचे कोंबडीवाले ब्लॅकबर्न क्लब लुटायला आले. तिकिटं महागली, टीव्हीच्या पैशाची चटक लागली, बड्या युरोपीय क्लबांच्या फुटीर सुपर लीगचा कट शिजला. इलाज एकच, मालक स्थानिकच हवा असा कायदा. खाली ब्लॅकबर्नच्या मैदानावरच्या कोंबडीचा फोटो. तो पाठवणारे मित्र मला मुद्दाम टॅग करतात, कारण मी पुण्याचा.

आधीच सांगतो, परदेशी मालकांची वकिली करायला मी बसलेलो नाही. युनायटेडच्या अमेरिकन मालकांचं, ग्लेझर हे आडनाव ऐकलं तरी माझा चहा बेचव होतो. पण राग खरा असला म्हणून त्यातून काढलेला इतिहास खरा ठरत नाही.

पहिला दावा, गावचा खाटीक. हा खाटीक कोण, ते मजकुरात लिहिलेलं नाही, पण युनायटेडच्या माणसाला ते सांगावं लागत नाही. लुई एडवर्ड्स, मँचेस्टरचा मटणाचा मोठा व्यापारी. १९६०च्या दशकात त्याने छोट्या छोट्या भागधारकांची दारं वाजवून युनायटेडचे शेअर गोळा केले. बऱ्याच जणांकडे ते आजोबा-पणजोबांपासून पेटीत पडून होते, किंमत कुणाला ठाऊक नव्हती. १९७८ मध्ये नवे शेअर काढून कुटुंबाला मिळणाऱ्या लाभांशाची सोय वाढवून घेतली, तीही क्लबचे नामवंत माजी व्यवस्थापक मॅट बझबी विरोधात असताना. १९८०च्या जानेवारीत एका टीव्ही कार्यक्रमाने शेअर कसे जमवले आणि शाळांना मांस कसलं पुरवलं यावर आरोप केले आणि महिन्याभरात एडवर्ड्स वारले. मग मुलगा मार्टिन. तोही मँचेस्टरचाच, घरचाच. त्याने १९८९ मध्ये क्लब मायकेल नाइटन नावाच्या गृहस्थाला जवळजवळ विकलाच होता. हे नाइटन मोसमाच्या पहिल्या सामन्याआधी युनायटेडचा पोशाख घालून मैदानात उतरले, चेंडू डोक्यावर-पायावर नाचवला, स्ट्रेटफर्ड एंड या स्टँडसमोरच्या जाळ्यात मारला आणि लोकांना मुजरे केले. पुढे त्यांच्याकडचे पैसे पुरेना आणि सौदा मोडला. तेही इंग्लिशच, बरं का.

दोन वर्षांनी, १९९१ मध्ये, मार्टिन एडवर्ड्सने क्लब शेअर बाजारात आणला. माझ्या मते सगळ्या गोष्टीतलं खरं वळण हे. बाजारात ठेवलेली वस्तू कुणीही उचलू शकतो. २००५ मध्ये ग्लेझर कुटुंबाने ती सुमारे ७९ कोटी पौंडांना उचलली, आणि खरेदीसाठी काढलेल्या कर्जाचा मोठा भाग क्लबच्याच बोकांडी बसवला. त्याआधी क्लबवर नाव घेण्यासारखं कर्ज नव्हतं. ग्लेझरांनी केलं ते संतापजनकच होतं. निषेधाचे हिरवे-पिवळे मफलर उगाच निघाले नाहीत, आणि एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर हा वेगळा क्लब त्याच वर्षी चिडलेल्या लोकांनी उगाच काढला नाही. पण वाड्याचा दरवाजा काढून भंगारात विकणारा घरचाच होता. चोर आल्यावर फक्त चोराचा पासपोर्ट तपासायचा, हे जरा अजब आहे.

दुसरा दावा, स्थानिक मालक क्लबला जिवापाड जपायचे. इथे मला हसू येत नाही. ११ मे १९८५ला ब्रॅडफर्डच्या व्हॅली परेड मैदानावर लाकडी स्टँडला आग लागली आणि ५६ माणसं गेली. तिसऱ्या श्रेणीचा चषक मिळाल्याचा आनंदाचा दिवस होता तो. बाकांच्या फटींतून खाली पडलेला कचरा वर्षानुवर्षं उचललाच नव्हता. चौकशीत त्या कचऱ्यात १९६८चं वर्तमानपत्र सापडलं. कौन्सिलने धोक्याचं पत्र आदल्या वर्षीच पाठवलं होतं. परदेशी मालक तेव्हा कुठे होते? इंग्लंडमधली बहुतेक मैदानं तेव्हा अशीच होती, पत्रे गंजलेले, मुतारीच्या नावाने भिंत, आणि प्रेक्षकांना जनावरासारखं कोंबायला जाळ्या. ती सुधारली १९८९च्या हिल्सबरो मैदानावरच्या जीवघेण्या चेंगराचेंगरीनंतर, तिच्या चौकशीच्या टेलर अहवालाच्या बडग्याने. प्रेमापोटी नव्हे.

आणि जिव्हाळाच मोजायचा तर डॉनकास्टरचे केन रिचर्डसन घ्या. १९९५ मध्ये त्यांच्या क्लबच्या मुख्य स्टँडला आग लागली. ती लावण्याचा कट रिचर्डसन यांचाच होता असं कोर्टात सिद्ध झालं आणि १९९९ मध्ये त्यांना ४ वर्षांची शिक्षा झाली. ब्रायटनमध्ये १९९५ला गोल्डस्टोन ग्राउंड इंग्लिश संचालकांनीच विकलं. तिथे दुकानं उभी राहिली आणि १९९७ पासून क्लब दोन वर्षं दूर जिलिंगहॅमला जाऊन ‘घरचे’ सामने खेळला. नंतर त्याच ब्रायटनला सावरलं टोनी ब्लूम या घरच्याच माणसाने, हेही सांगायला हवं. जुगारात पैसा कमावलेला, लहानपणापासूनचा चाहता. म्हणजे घरचा माणूस वाईटच, असं माझं म्हणणं नाही. घरचा असणं हा पुरावा नाही, एवढंच.

तिसरा दावा सर्वांत पोकळ आहे, पैशाची हाव परदेशातून आली म्हणे. इंग्लिश फुटबॉलमध्ये एक जुना नियम होता, नियम ३४. क्लबच्या भागधारकांना मिळणाऱ्या लाभांशाला मर्यादा, संचालकांना पगार नाही, क्लब बंद पडला तर मैदान विकून पैसे खिशात घालायला बंदी. कंपनी असली तरी ती धंद्यासाठी नाही, असं सांगणारा हा नियम. संचालकांना पगार घ्यायची मुभा १९८१ला मिळाली. १९८३ मध्ये टॉटनहॅमने क्लबच्या डोक्यावर एक वेगळी कंपनी बसवली, ती शेअर बाजारात नेली, आणि नियम ३४ कागदावर जिवंत राहून प्रत्यक्षात मेला. त्याच वर्षी लीगच्या सामन्यांत पाहुण्या संघाला मिळणारा गेटच्या पैशातला वाटा बंद झाला. मोठ्या क्लबांनी सगळं आपल्याकडे ठेवलं.

मग १९९०च्या नोव्हेंबरात लंडनमध्ये टीव्ही अधिकारी ग्रेग डाइक यांच्यासोबत एक जेवण झालं. टेबलाभोवती आर्सेनल, एव्हर्टन, लिव्हरपूल, युनायटेड आणि टॉटनहॅमचे म्होरके. विषय असा की लीगमधून फुटायचं कसं आणि टीव्हीचा पैसा खालच्या श्रेणींना न वाटता आपल्याकडे ठेवायचा कसा. त्यातून १९९२ची प्रीमियर लीग जन्मली आणि ५ वर्षांच्या करारापोटी ३० कोटी ४० लाख पौंडांचा आकडा गाजला. त्या टेबलावर एकही परदेशी मालक नव्हता. एप्रिल २०२१च्या सुपर लीगमध्ये सहा इंग्लिश क्लबांपैकी पाचांचे मालक परदेशी होते, हे कबूल. सहावा टॉटनहॅम, इंग्लिश मालकीचा, आणि तो काही शेवटी रडतखडत आलेला नव्हता. मला तर सुपर लीग ही १९९२चीच दुसरी आवृत्ती वाटते, फक्त या वेळी लोक रस्त्यावर उतरले आणि दोन दिवसांत तिचा फज्जा उडाला.

तिकिटांचं म्हणाल तर फार लिहायला नको. युनायटेडला २०२४ मध्ये अखेर हवा तसा माणूस मिळाला. सर जिम रॅटक्लिफ, मँचेस्टरजवळच्या फेल्सवर्थमध्ये जन्मलेले, पोरवयापासून युनायटेडचे. हिस्सा सुमारे २८ टक्के, पण फुटबॉलचा कारभार त्यांच्या हातात. त्याच वर्षी ऐन मोसमात सभासदांचं तिकीट सरसकट ६६ पौंड झालं, लहान मुलं आणि म्हातारे यांची सवलतही गेली. शेकडो कर्मचारी कमी केले. क्लबचे दिग्गज माजी व्यवस्थापक अॅलेक्स फर्ग्युसन यांचं मानधनाचं पद बंद केलं. नोकरांचं फुकटचं दुपारचं जेवण काढून ओल्ड ट्रॅफर्ड या घरच्या मैदानावर त्यांना फळं देऊ केली. हे ग्लेझरांनीही केलं नव्हतं! खर्च कमी करण्याची गरज होती की नव्हती, यावर माझं आणि माझ्या भावाचं अजून भांडण आहे. पण गावचा माणूस आला की गरिबाचं तिकीट स्वस्त होतं, हे आता कुणी मला सांगू नये.

आता पुण्याकडे वळू, कारण टोमणा तिथला आहे.

ब्लॅकबर्न रोव्हर्स हा १८७५चा क्लब, १८८८ मध्ये लीग सुरू करणाऱ्या बारा क्लबांपैकी एक. मजकुरातला ‘लोखंडवाला’ म्हणजे त्यांचा जॅक वॉकर. पोलादाचा धंदा विकून आलेला पैसा त्यांनी गावच्या क्लबात ओतला, १९९२ला अॅलन शिअररला तेव्हाच्या ब्रिटिश विक्रमी ३६ लाख पौंडांना आणलं, केनी डॅल्ग्लिशला व्यवस्थापक केलं आणि १९९५ मध्ये प्रीमियर लीग जिंकली. वॉकर यांचं प्रेम खरं होतं, त्यावर प्रश्न नाही. तेही राहायचे मात्र जर्सी बेटावर, जिथे कर कमी. आणि त्यांच्या क्लबला तेव्हा लोक काय म्हणायचे आठवतं? ‘विकत घेतलेलं विजेतेपद.’ चार वर्षांत, १९९९ला, तोच क्लब खालच्या श्रेणीत घसरला, वॉकर हयात असताना. पुढच्या वर्षी ते गेले. वॉकर यांच्या ट्रस्टने काही वर्षं गाडा ओढला, मग क्लब विकायला काढला. नोव्हेंबर २०१० मध्ये तो पुण्याच्या व्यंकटेश्वरा हॅचरीज म्हणजे वेंकीज कुटुंबाने २ कोटी ३० लाख पौंडांना घेतला.

त्यानंतर जे झालं त्याचं समर्थन मी करणार नाही, पुणेकर असूनही. महिन्याभरात व्यवस्थापक सॅम अॅलरडाइस यांना काढलं, संघ तेराव्या क्रमांकावर असताना. फुटबॉल कळणाऱ्यांपेक्षा एजंटांचं जास्त ऐकलं. खेळाडूंना ड्रेसिंग रूममध्ये तंगड्या खायला लावणारी जाहिरात काढली, ती अजून लोक विसरलेले नाहीत. त्यांच्या जागी आलेल्या स्टीव्ह कीन यांच्यावर प्रेक्षक महिनोन् महिने ओरडत होते, तरी त्यांना ठेवलं. ७ मे २०१२ला घरच्या मैदानावर विगनकडून १-० हार, प्रीमियर लीगबाहेर, आणि मैदानात क्लबचा झेंडा गुंडाळलेली ती प्रसिद्ध कोंबडी. पुढच्या मोसमात व्यवस्थापक म्हणून हेनिंग बर्ग ५७ दिवस टिकले, मायकेल अॅपलटन ६७. २०१७ला क्लब तिसऱ्या श्रेणीत, प्रीमियर लीग जिंकलेल्या क्लबावर अशी वेळ पहिल्यांदाच आली.

अज्ञान, उद्दामपणा, लांबून कारभार, सगळे आरोप मान्य. पण मजकूर म्हणतो ‘लुटायला आले’, आणि तिथे मी थांबतो. लुटणारा पैसे घेऊन जातो. या कुटुंबाने क्लबात २० कोटी पौंडांच्या वर घातले आणि त्यातलं काही परत मिळण्याची चिन्हं नाहीत. तिसऱ्या श्रेणीतून टोनी मोब्रे यांनी एका वर्षात संघ वर आणला, तेव्हाही पगार पुण्याहूनच जात होते. अव्वल दर्जाची अकादमी त्यांनी बंद केली नाही आणि तिच्यातूनच अॅडम व्हॉर्टन निघाला, जो २०२४ मध्ये क्रिस्टल पॅलेसने नेला. खरी गंमत, म्हणजे खरी शोकांतिका, पुढे आहे. भारतात ईडीची चौकशी सुरू झाली आणि २०२३ पासून ब्लॅकबर्नला पैसे पाठवायचे तर दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी लागू लागली. लँकेशरमधल्या क्लबाला नवा सेंटर फॉरवर्ड घेता येईल का, हे दिल्लीतल्या तारखेवर!

हे वाचून ‘बघा, परदेशी मालक’ असं कुणी म्हणेल. मला यात वॉकर यांचीच गोष्ट पुन्हा दिसते. एका माणसाच्या खिशावर टांगलेला क्लब. खिसा जर्सीत असो की पुण्यात, माणूस गेला किंवा खिशाला कोर्टाने शिवण घातली की क्लब लटकला. डर्बी काउंटीचे मेल मॉरिस डर्बीतच जन्मलेले, क्लबचे चाहते. २०२१ मध्ये त्यांचा हात आखडला आणि २१ गुण कापले जाऊन डर्बी तिसऱ्या श्रेणीत गेला. त्यांच्यावर कोंबडीचा फोटो काढून कुणी मजकूर फिरवत नाही.

राहिला शेवटचा मुद्दा, स्थानिक मालकाचा कायदा. असा कायदा असता तर लेस्टरला थायलंडचे विचाई श्रीवद्धनप्रभा मिळाले नसते आणि २०१६चं ते, सट्टेबाजांनी ५०००-१ भाव लावलेलं विजेतेपदही नाही. २०१८ला त्यांचं हेलिकॉप्टर मैदानाबाहेर कोसळलं, तेव्हा तिथे फुलांचे ढीग लावणारे लेस्टरचेच लोक होते. पोर्ट्समथमध्ये तर चाहत्यांनी स्वतः क्लब वाचवला, चार वर्षं चालवला, आणि २०१७ मध्ये मतदान करून अमेरिकेच्या मायकेल आयझनरला विकला. त्यांना गावाची माया कमी होती असं म्हणायची माझी हिंमत नाही. ब्रिटिश संसदेने २०२५ला फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक नेमण्याचा कायदा केला, आणि त्यात मालकाची ऐपत, पैशाचा स्रोत, मैदान विकण्यावर लगाम या गोष्टींवर भर आहे. जन्मदाखल्यावर नाही.

आणि त्या जन्मदाखल्याच्या परीक्षेत बरी क्लबचे स्टीव्ह डेल सहज पास झाले असते. शेजारच्या चेशरमधले इंग्लिश व्यावसायिक. डिसेंबर २०१८ मध्ये त्यांनी १८८५चा, दोनदा एफए कप जिंकलेला हा क्लब १ पौंडाला घेतला. बरी नावाचा फुटबॉल संघ आहे हेच आपल्याला ठाऊक नव्हतं, असं पुढे त्यांनीच मुलाखतीत सांगितलं. २७ ऑगस्ट २०१९ला गावातली शेकडो माणसं झाडू, बादल्या घेऊन गिग लेन या क्लबच्या मैदानावर आली. क्लब वाचेल, शनिवारी सामना होईल, म्हणून खुर्च्या पुसत होती. रात्री लीगने बरीचं नाव यादीतून काढलं.