खाडीचा सातबारा

पालघर जिल्ह्यातल्या वाढवणच्या नियोजित बंदराचा विषय निघाला की उरणच्या आमच्या कट्ट्यावर शेठचा आवाज आपोआप चढतो. परवा चहा यायच्या आतच त्याने ट्रेलरच्या किल्ल्या बाकावर आपटून आकडे मोजायला सुरुवात केली : वीस मीटर नैसर्गिक खोली, नऊ कंटेनर टर्मिनल, ७६,२२० कोटींचा खर्च. प्रत्येक आकडा त्याच्याच खात्यात जमा होणार असावा, असा त्याचा थाट होता. आमच्या न्हावा-शेवा बंदराच्या खाडीतला गाळ उपसून उपसून किती उपसणार, मोठी जहाजे हवी असतील तर बंदरानेच खोल पाण्याकडे गेले पाहिजे, हे त्याचे पालुपद.

गाळाचे म्हणणे खरे आहे, हे मला मान्य आहे. जलमार्ग एकदा खोल करून भागत नाही, तो तसा राखण्यासाठी पुन्हा पुन्हा गाळ काढावा लागतो. तरीही न्हावा-शेव्याच्या चौथ्या कंटेनर टर्मिनलचा दुसरा टप्पा २०२५ मध्ये पुरा झाला, धक्का दोन किलोमीटरांचा झाला आणि त्या एका टर्मिनलची क्षमता वर्षाला ४८ लाख वीसफुटी कंटेनरांवर गेली.

“म्हणजे विस्तार कसा करावा, हे आपल्याला येते,” शेठ म्हणाला.

“धक्क्याचा येतो,” दादूस म्हणाला. “शेव्याच्या कोळ्यांना बंदरासाठी उठवले, त्यांच्या नव्या घरांचे वासे वाळवीने खाल्ले, आणि दुसऱ्या जागेसाठी त्यांना होड्या घेऊन जलमार्ग अडवावा लागला. तो विस्तार कोणाला येतो?”

शेठने नुकसानभरपाईचा मुद्दा काढला, तेव्हा मास्तरांनी त्याला १९८४ च्या जानेवारीची आठवण करून दिली. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालील शेतकऱ्यांच्या त्या लढ्यात पाच जण गोळीबारात हुतात्मा झाले आणि त्यातूनच संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क पदरात पडला.

“तुझा पहिला ट्रेलर त्याच भूखंडाच्या पैशातून आला,” दादूस म्हणाला, “कारण तुझ्या बापाकडे सातबारा होता. खाडीचा सातबारा कोणाच्या नावावर असतो, तेवढे सांग.”

शेठने किल्ल्या खिशात टाकल्या. माझ्या मते सगळ्या वादाचे मूळ याच प्रश्नात आहे. चौथ्या टर्मिनलच्या भरावाने ज्यांची मासेमारी गेली, अशा १,६३० कुटुंबांना ९५ कोटींहून अधिक भरपाई देण्याचा आदेश हरित लवादाने २०१५ मध्ये दिला, पण तो हक्क मांडायलाही कोळ्यांना लवादाचे दार ठोठवावे लागले. वाढवणला तर समुद्रात १,४४८ हेक्टरांचा भराव नियोजित आहे. तिथे पहिला दगड पडण्याआधी कोणती होडी कुठे डोल जाळे लावते आणि कोणती बाई चिखलात निवट्या मासे धरून घर चालवते, याची गावनिहाय नोंद झालीच पाहिजे, कारण भराव पडल्यावर दाखवायला चिखलच उरत नाही.

दादूसने टोपलीतली एक चिंबोरी उचलून शेठच्या तळहातावर ठेवली. ती तळहातभरही नव्हती. “पूर्वी या टोपलीत चारच मावायच्या,” तो म्हणाला.

शेठने ती उलटसुलट करून पाहिली आणि डझनाचा भाव विचारला. “आधी शिमग्याची उधारी,” असे दादूसने म्हणताच मास्तरांसह सगळा कट्टा हसला, आणि शेठने निमूटपणे पाकीट काढले.